पीळ उलगडणारी प्रथिने

१९५३ सालच्या एप्रिल महिन्यात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’ नियतकालिकात डीएनएच्या रेणूची जी रचना प्रसिद्ध केली, तिचे मोठे वैभव असे होते की आईबापांचे गुणधर्म संततीत उतरतात कसे, या पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या रचनेतच अनुस्यूत होते. समोरासमोरच्या दोन शृंखला परस्परपूरक असल्यामुळे त्या विलग झाल्या की प्रत्येकीवरून दुसरी नव्याने घडवता यावी, आणि एका अस्सल दस्तऐवजाच्या जागी हुबेहूब दोन दस्तऐवज उभे राहावेत, हे त्या चित्रावरून सहज उमगत होते. परंतु या शृंखला शेजारी-शेजारी नुसत्या उभ्या नव्हत्या. त्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या होत्या, आणि दर दहा-साडेदहा क्षारकजोड्यांमागे, म्हणजे दोन शृंखलांवरील समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्यांमागे, त्यांचा एक पूर्ण वेढा पडत होता. वॉटसन-क्रिक यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही; मे महिन्यात त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या टिपणात त्यांनी ती मोकळेपणाने नमूद केली, ती अनुल्लंघ्य ठरणार नाही असा विश्वास प्रकट केला आणि विषय तेथेच सोडला. मॅक्स डेलब्रुक यांना मात्र तेवढ्या विश्वासाने समाधान वाटेना. भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या या कठोर चिकित्सकाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की एवढे वेढे उलगडत बसणे संभवनीय दिसत नाही, आणि त्यापेक्षा ठिकठिकाणी शृंखला तोडून पुन्हा सांधण्याचीच काही तजवीज निसर्गाने केली असली पाहिजे.

१९५८ साली मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी जड नायट्रोजन वापरून केलेल्या प्रयोगाने डेलब्रुक यांच्या योजनेचा निकाल लावला. प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी शृंखला आणि एक नवी शृंखला अखंड स्वरूपात असते, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. म्हणजे जुन्या शृंखला खरोखरीच आरंभापासून अखेरपर्यंत विलग होत होत्या. योजना बाद झाली, पण आक्षेप बाद झाला नव्हता. जे अशक्यप्राय वाटत होते ते पेशी प्रत्यक्षात करीत होती, आणि कशाच्या बळावर करीत होती हे कोणालाच सांगता येत नव्हते.

या कामाचा आवाका आकड्यांवाचून ध्यानात येत नाही. आपल्या आतड्यात वस्ती करणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचे गुणसूत्र म्हणजे सुमारे ४६ लाख क्षारकजोड्यांचे एक वर्तुळ. त्याची लांबी दीड मिलिमीटरच्या घरात, आणि ते ज्या पेशीत सामावलेले असते तिची लांबी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढीच. त्या वर्तुळातल्या दोन शृंखलांचे एकमेकींभोवती जवळजवळ ४ लाख ४० हजार वेढे असतात. नक्कल उतरण्यास एका ठरावीक स्थानापासून प्रारंभ होतो आणि तेथून दोन विरुद्ध दिशांना दोन फाटे धावू लागतात. प्रत्येक फाटा दर सेकंदास सुमारे १,००० क्षारकजोड्या उलगडीत जातो, आणि अवघे वर्तुळ ४० मिनिटांच्या आसपास पुरे होते. याचा अर्थ असा की फाट्यापुढचा पीळ दर सेकंदास नव्वदाहून अधिक वेढ्यांच्या गतीने सुटत असतो. हे सारे ३७ अंश तापमानात घडते. प्रयोगशाळेत तोच रेणू निव्वळ उष्णतेने विलग करावयाचा तर द्रावण नव्वद अंशांच्या वर तापवावे लागते, आणि तेवढ्या तापमानात पेशीतली बहुतेक प्रथिने निकामी होऊन जातात. शृंखलांना जोडणारा एकेक हायड्रोजन बंध दुर्बल खरा, परंतु ॲडेनिन-थायमिनच्या जोडीत दोन आणि ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत तीन असे हे बंध लक्षावधींनी एकत्र आले, आणि एकावर एक रचलेल्या सपाट क्षारकांच्या परस्पर आकर्षणाची त्यांना जोड मिळाली, म्हणजे या रेणूला जे स्थैर्य प्राप्त होते ते सामान्य नसते. ते तसे असणे आवश्यकही आहे, कारण जो दस्तऐवज पिढ्यांमागून पिढ्या टिकावयाचा तो वाऱ्याच्या झुळकेने उलगडून चालणार नाही. तथापि जो कधीच उलगडत नाही तो वाचताही येत नाही. सुरक्षितता बंद राहण्यात आणि उपयोग उघडण्यात, अशा या पेचातून वाट काढण्यासाठी जी प्रथिने निर्माण झाली त्यांना हेलिकेज म्हणतात.

त्यांपैकी पहिले १९७६ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हाती आले. महमूद अब्देल-मोनेम आणि हार्टमुट हॉफमन-बर्लिंग यांनी ई. कोलायच्या अर्कातून प्रथम असे एक एंझाइम शुद्ध केले की जे डीएनएच्या सान्निध्यात असतानाच ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेटचे, म्हणजे पेशीतील ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे, विघटन करीत असे. डीएनए नाही तर खर्चही नाही. हा खर्च कशाकरिता होतो याचा माग काढता असे दिसून आले की एटीपीच्या प्रत्येक विघटनाबरोबर जोडशृंखला उसवत चालली आहे. जमाखर्चाच्या एका बाजूवरून दुसरी बाजू ओळखावी अशा रीतीने लागलेला हा शोध मला अतिशय मनोज्ञ वाटतो, कारण पुढील दशकांत सापडलेल्या बहुतेक हेलिकेजांची ओळख पटवण्याची रीतही याच धाटणीची राहिली. आणखी एक नवल असे की हे पहिले एंझाइम जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्राच्या मालकीचे नव्हतेच. जीवाणूच्या पेशीत स्वतंत्रपणे नांदणाऱ्या आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात स्थलांतर करणाऱ्या ‘एफ’ नामक छोट्या वर्तुळाकार डीएनएने आपल्या प्रवासाच्या सोयीकरिता ते बाळगलेले होते, ही गोष्ट काही वर्षांनी उघडकीस आली.

हेलिकेज हे काम नेमके कसे करते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी डीएनएच्या एका गुणाचा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या प्रत्येक शृंखलेला दिशा असते. एका टोकाला पाच-प्राइम आणि दुसऱ्याला तीन-प्राइम अशी नावे शर्करेतील कार्बन अणूंच्या क्रमांकांवरून दिलेली आहेत, आणि जोडीतील दोन शृंखला परस्परांच्या उलट दिशेने मांडलेल्या असतात. हेलिकेज साधारणतः या दोहोंपैकी एकाच शृंखलेला धरते आणि तिच्यावरून एकाच ठरलेल्या दिशेने चालू लागते. काहींची चाल तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे, काहींची त्याच्या उलट. ही चाल कशी घडते, हे समजण्यासाठी रेणूची त्रिमितीय रचना पाहणे भाग होते. १९९६ साली ऑक्सफर्ड येथील डेल विग्ली यांच्या प्रयोगशाळेतून एच. एस. सुब्रमण्य आणि सहकाऱ्यांनी एका उष्णताप्रेमी जीवाणूच्या पीसीआरए नावाच्या हेलिकेजाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच गटाने हे हेलिकेज डीएनएला धरून बसले असतानाची, आणि एटीपी येण्यापूर्वीची व आल्यानंतरची, अशी चित्रे मिळवली. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव समीर वेलणकर यांचे आहे.

या चित्रांत जे दिसले ते असे. हेलिकेजाच्या मध्यवर्ती भागात एकसारख्या घडणीचे दोन खंड असून त्यांच्या मधल्या खाचेत एटीपीचा रेणू येऊन बसतो. तो बसला की दोन्ही खंड एकमेकांकडे सरकून खाच मिटते. त्याचे विघटन होऊन अवशेष बाहेर पडले की ती पुन्हा उघडते. या उघडझापेची सांगड शृंखलेवरील पकडीशी अशी घातलेली आहे की खाच मिटताना मागचा खंड सैल सुटून पुढे ओढला जातो आणि पुढचा आपली पकड घट्ट ठेवतो, तर खाच उघडताना मागचा घट्ट धरून राहतो आणि पुढचा एक पाऊल पुढे पडतो. एरंडाच्या पानावर उंटअळी मागचे शरीर पुढे ओढून कमान करते आणि मग पुढचे शरीर लांबवते, ती चाल ज्याने पाहिली असेल त्याला या रेणूची गती समजण्यास अन्य दाखल्याची गरज पडणार नाही; संशोधकांनीही या यंत्रणेला त्याच जातीच्या अळीचे नाव दिले आहे. प्रत्येक पावलास एक एटीपी खर्ची पडतो आणि प्रत्येक पाऊल एका क्षारकाएवढे असते. एटीपी धरून ठेवणाऱ्या या खाचेतील अमिनो आम्लांचा विशिष्ट क्रम जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली निरनिराळ्या प्रथिनांची तुलना करून ओळखला होता. पुढे अलेक्झांडर गोर्बालेन्या आणि यूजीन कूनिन यांनी अशा क्रमांच्याच आधाराने हेलिकेजांची मोठमोठी कुळे पाडली, आणि पाहता पाहता शेकडो अनोळखी प्रथिने या गोतावळ्यात दाखल झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत फाट्याच्या तोंडाशी हेलिकेजाचा एक त्रिकोण पाचरीसारखा रोवलेला दाखवतात आणि त्यावरून गैरसमज होतो. या एंझाइमांचे मूळ कर्म फाडणे नव्हे. मूळ कर्म चालणे होय. एका शृंखलेला धरून एका दिशेने जो अविरत पुढे जातो, त्याच्या मार्गात दुसरी शृंखला आली तर ती बाजूला सारली जाते. उलगडणे हे त्या चालण्याचे फलित आहे. काही हेलिकेजे समोरची जोडी स्वतः ताण देऊन उसवतात. काही मात्र, उष्णतेच्या सहज आंदोलनाने तोंडाशी असलेली एखादी जोडी क्षणभर उघडली की तेवढ्या अवसरात एक पाऊल पुढे टाकतात आणि ती जोडी पुन्हा मिटू देत नाहीत. बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी मोडतात. चालणे हेच मूळ, याचा पुरावा असा की याच कुळातील काही प्रथिनांचे मुख्य काम शृंखला विलग करणे हे नाहीच. यीस्टमधील एसआरएस-२ हे प्रथिन शृंखलेवरून चालता चालता तिच्यावर बसलेल्या दुसऱ्या प्रथिनांना उखडून काढते, आणि गुणसूत्रांची गुंडाळी सैल करणारी कित्येक प्रथिने डीएनएच्या जोडीवरून ती न उघडताच सरकत राहतात. निसर्गाने एकदा एक चालणारे यंत्र सिद्ध केले आणि मग ते नाना कामांवर तैनात केले, असेच म्हणावयास हवे.

परंतु पीसीआरएसारखे एकटे हेलिकेज काही अंतर चालून गळून पडते. अख्ख्या गुणसूत्राची नक्कल उतरवावयाची तर ज्याची पकड सहसा सुटणार नाही असे यंत्र हवे, आणि त्यासाठी निसर्गाने वलयाचा आश्रय घेतला. ई. कोलायमध्ये हे काम डीएनएबी नावाचे हेलिकेज करते. सहा एकसारख्या घटकांचे ते कडे असून त्याच्या मधल्या छिद्रातून एक शृंखला आरपार गेलेली असते, आणि दुसरी कड्याच्या बाहेरून जाते. जोनाथन लेबोविट्झ आणि रॉजर मॅकमॅकन यांनी १९८६ साली त्याचे हे कर्तृत्व सिद्ध केले. अशा वलयातील सहा घटक पाळीपाळीने कसे काम करतात याचे अतिशय स्पष्ट चित्र २००६ साली एरिक एनेमार्क आणि लीमोर जोशुआ-टोर यांनी मिळवले, तेही जीवाणूच्या नव्हे तर चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा कुळातील विषाणूच्या ई-१ नावाच्या हेलिकेजापासून. कड्याच्या आतील बाजूस प्रत्येक घटकाचा एकेक वाकडा बाहू पुढे आलेला असतो आणि हे सहा बाहू सर्पिल उतरत्या क्रमाने मांडलेले असतात. प्रत्येक बाहू एकेक न्यूक्लिओटाइड, म्हणजे शृंखलेचा एकेक दुवा, धरून छिद्राच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचवतो, सोडतो आणि पुन्हा आरंभस्थानी येऊन पुढचे धरतो. एटीपीची आवकजावक कड्याभोवती क्रमाने फिरत असल्यामुळे कोणत्याही क्षणी काही बाहूंची पकड घट्टच असते.

डीएनएबीसंबंधी एक गोष्ट मला विशेष बोधप्रद वाटते. हे हेलिकेज एकटे असताना त्याचा वेग सेकंदाला अवघ्या पस्तीस क्षारकजोड्यांच्या आसपास असतो, पण मागून नवी शृंखला विणीत येणाऱ्या पॉलिमरेजाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध जुळला की तोच वेग हजाराच्या घरात जातो, असे केनेथ मॅरियान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले. यात मोठे शहाणपण आहे. उघडी पडलेली एकेरी शृंखला ही पेशीच्या दृष्टीने धोक्याची वस्तू. ती स्वतःतच गुरफटते, तुटते, भलत्याच एंझाइमांच्या तावडीत सापडते. नक्कल करणारा मागे रेंगाळला असता उलगडणाऱ्याने पुढे धावत सुटणे अनर्थकारक ठरले असते, म्हणून दोघांच्या गतीची ही गाठ बांधलेली आहे. त्यातूनही जो तुकडा उघडा पडतो त्याच्या बंदोबस्तास एकेरी शृंखलेला चिकटणारी वेगळी प्रथिने असतात. फाट्यापुढे जो अतिरिक्त पीळ साठत जातो तो काढण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाची एंझाइमे असून ती शृंखला क्षणभर तोडतात, पीळ सुटू देतात आणि पुन्हा सांधतात. त्यांपैकी पहिले जेम्स वांग यांना १९७१ साली सापडले. तोडून सांधण्याची जी कल्पना डेलब्रुक यांनी मांडली होती ती अशा रीतीने अगदीच निराधार नव्हती. फक्त तिचे स्थान त्यांनी कल्पिले त्याहून निराळे होते.

मनुष्याच्या पेशीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि त्यावरील उपाय मला या साऱ्या विषयातील सर्वांत प्रगल्भ भाग वाटतो. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे ६ अब्ज ४० कोटी क्षारकजोड्या असतात आणि आपल्या फाट्यांचा वेग सेकंदाला तीस-पस्तीसच्या पुढे सहसा जात नाही. सर्वांत मोठ्या गुणसूत्राची नक्कल एकाच फाट्याने एका टोकापासून करावयाची ठरवली तर सुमारे तीन महिने लागतील. पेशी मात्र सारे काम आठ तासांच्या आसपास उरकते, कारण ती हजारो ठिकाणांहून एकाच वेळी आरंभ करते. यातून दुसरेच संकट उभे राहते: इतक्या ठिकाणांपैकी एकही ठिकाण एका पेशीचक्रात दुसऱ्यांदा सुरू होता कामा नये, अन्यथा काही जनुकांच्या दोनाऐवजी तीन-चार प्रती होतील आणि गुणसूत्राचा हिशेबच बिघडेल. १९८८ साली ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावरील प्रयोगांतून असा तर्क केला की प्रत्येक ठिकाणाला नक्कल सुरू करण्याचा एकेक परवाना मिळत असावा आणि तो वापरताच रद्द होत असावा. हा परवाना म्हणजे प्रत्यक्षात हेलिकेजच निघाले. बिक-क्वून टाय यांच्या प्रयोगशाळेने १९८४ साली यीस्टमध्ये, छोटी गुणसूत्रे सांभाळण्यास असमर्थ असलेल्या उत्परिवर्तितांचा शोध घेताना जी एमसीएम नावाची जनुके गाठली होती, त्या कुळातील सहा प्रथिनांचे वलय हेच आपल्या नक्कल-हेलिकेजाचे हृदय आहे.

पेशी विभाजनानंतर विसावलेली असताना ही वलये दोन-दोनच्या जोडीने, एकमेकांकडे तोंड करून, डीएनएच्या अखंड जोडशृंखलेभोवती चढवली जातात, आणि तेथे ती निश्चल बसून राहतात. या अवस्थेत ती काहीच उलगडू शकत नाहीत. पुढे नक्कल करण्याची वेळ आली की कायनेज नावाच्या एंझाइमांचा हुकूम सुटतो, सीडीसी-४५ आणि जिन्स हे दोन सहाय्यक येऊन वलयाला जडतात, प्रत्येक वलय एका शृंखलेला बाहेर काढून दुसरीला आत ठेवते, आणि मग दोन्ही वलये एकमेकांच्या शेजारून निघून आपापल्या दिशेला चालू लागतात. ज्या कायनेजांनी चालण्याचा हुकूम दिला तीच कायनेजे नवी वलये चढवण्यास सक्त मनाई करतात. चढवणे आणि चालवणे यांच्या वेळा कधीच एक होऊ द्यावयाच्या नाहीत, या एका दंडकावर आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या गुणसूत्रांची अखंडता उभी आहे. २०१५ साली जॉन डिफ्ली यांच्या प्रयोगशाळेने यीस्टची १६ शुद्ध केलेली प्रथिने परीक्षानळीत एकत्र आणून हा आरंभ पेशीबाहेर घडवून दाखवला.

डीएनएवरून जनुकांचा संदेश वाहून नेणाऱ्या आरएनएकडे वळले की दृश्य पालटते. आरएनए बहुधा एकेरी असतो, परंतु स्वतःवरच दुमडून जागोजागी आखूड जोड्या बांधतो. प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमला संदेश वाचावयाचा असेल किंवा जनुकाच्या संदेशातील निरर्थक भाग काढून टाकावयाचे असतील तर या दुमडी वेळोवेळी उघडाव्या लागतात. येथे लांबचा पल्ला गाठावयाचा नसतो, म्हणून या कामावरील सर्वांत मोठ्या कुळाने चालण्याचे सोडूनच दिले आहे. या कुळातील प्रथिनांत ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ॲलॅनिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक आम्ल असा क्रम आढळतो, आणि त्यांच्या संक्षिप्त अक्षरांवरून १९८९ साली या कुळाला डेड-बॉक्स हे नाव पडले. ही प्रथिने दुमडीच्या मधोमध येऊन बसतात, एका शृंखलेला असा बाक देतात की ती दुसरीशी जुळूच शकत नाही, आणि एटीपीचे विघटन झाले की पकड सोडून निघून जातात. येथे विघटनाचा उपयोग उघडण्यापेक्षा सुटण्यासाठी होतो. याच विस्तृत गोतावळ्यातील रिग-आय नावाच्या प्रथिनाने तर पहारेकऱ्याची चाकरी पत्करली आहे. परक्या विषाणूच्या आरएनएची जोडशृंखला ओळखून पेशीला सावध करणे हे त्याचे काम.

विषाणूंचा उल्लेख निघालाच आहे तर तो विस्ताराने करणे प्राप्त आहे. विषाणू परान्नपुष्ट असला तरी ज्याच्यावर सर्वस्व अवलंबून आहे असे हेलिकेज तो पुष्कळदा स्वतःजवळ बाळगतो. माकडांतील एसव्ही-४० या विषाणूचे एक मोठे प्रथिन तर आपल्या डीएनएवर आरंभस्थान शोधणे, ते उघडणे आणि पुढे उलगडीत जाणे ही तिन्ही कामे एकटेच करते. हेपॅटायटिस-सी विषाणूत प्रथिन कापणारे आणि आरएनए उलगडणारे अशी दोन यंत्रे एकाच एनएस-३ नामक रेणूत सांधलेली आहेत. उलट एड्सचा विषाणू हेलिकेज बाळगतच नाही; तो आपल्या यजमान पेशीची डेड-बॉक्स प्रथिने वापरून काम चालवतो.

कोरोना विषाणूंचे प्रकरण याहून लक्षणीय आहे, कारण त्यांच्या सुमारे ३०,००० अक्षरांच्या आरएनएएवढा लांब आरएनए फार थोड्या विषाणूंजवळ असतो, आणि एवढ्या लांबीत दुमडींना अंत नाही. त्यांचे एनएसपी-१३ हे हेलिकेज ६०१ अमिनो आम्लांचे असून २००३ मधील सार्सच्या विषाणूतील आणि कोविडच्या विषाणूतील या प्रथिनांत केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे. इतर भागांत मनसोक्त बदल स्वीकारणाऱ्या विषाणूने जेथे एवढीशी सूट घेतली, तो भाग त्याच्या लेखी किती मर्मस्थानी असेल याची कल्पना यावरून यावी. २०२० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील एलिझाबेथ कॅम्बेल आणि सेठ डार्स्ट यांच्या गटांनी या विषाणूचे नक्कल करणारे पॉलिमरेज आणि त्यावर बसलेली दोन हेलिकेजे अशी एकत्रित रचना प्रसिद्ध केली. तेव्हा एक कोडे समोर आले: पॉलिमरेज साच्याच्या शृंखलेवरून ज्या दिशेने सरकते तिच्या नेमक्या उलट दिशेला या हेलिकेजाची चाल आहे. चूक झाली असता पॉलिमरेजाला मागे रेटून ती दुरुस्त होऊ देणे हा या विरुद्ध चालीचा हेतू असावा, असा अंदाज त्या संशोधकांनी वर्तवला.

विषाणूचे हेलिकेज बंद पाडले की विषाणू थांबेल हा विचार सरळ आहे, पण औषधात तो उतरवणे सोपे ठरलेले नाही. एटीपीची खाच आपल्या स्वतःच्या असंख्य प्रथिनांत जवळजवळ तशीच असते, आणि त्या खाचेत जाऊन बसणारा पदार्थ विषाणूबरोबर रोग्यालाही इजा करण्याचा संभव असतो. हेपॅटायटिस-सीच्या एनएस-३ मधील कापणाऱ्या भागाविरुद्ध २०११ पासून औषधे वापरात आली, पण त्याच रेणूतील उलगडणारा भाग हुलकावणी देत राहिला. हर्पिस कुळातील विषाणूंनी येथे वाट दाखवली. त्यांचे हेलिकेज आणि नव्या शृंखलेचा पहिला तुकडा घालणारे प्रायमेज ही दोन एंझाइमे तीन प्रथिनांच्या एकाच संकुलात गुंतलेली असतात, आणि त्या संकुलाला जखडून ठेवणारी द्रव्ये २००२ साली पुढे आली. त्याच मार्गाने विकसित झालेले अमेनामेविर हे औषध नागिणीवरील उपचारासाठी २०१७ साली जपानमध्ये मंजूर झाले.

आता मनुष्याच्या स्वतःच्या हेलिकेजांत दोष निपजला तर काय होते ते पाहू. १९०४ साली ऑटो वेर्नर या तरुण वैद्याने कील येथील आपल्या प्रबंधात एका कुटुंबातील भावंडांची हकीकत नोंदवली. त्यांची वाढ किशोरवयातच खुंटली होती, तारुण्यातच केस पांढरे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि कातडी ताठरली होती. पुढे अशा रुग्णांत मधुमेह, रोहिण्यांचे काठिण्य आणि कर्करोग हेही अकाली येतात असे दिसून आले, आणि बहुतेकांचे आयुष्य पन्नाशीच्या आसपास संपते. या विकाराचे जनुक १९९६ साली सापडले, आणि ते एका हेलिकेजाचे निघाले. ई. कोलायमध्ये हिरोआकी नाकायामा यांना १९८४ साली मिळालेल्या रेकक्यू नावाच्या हेलिकेजाचे हे भावंड. मनुष्यात अशी पाच भावंडे आहेत आणि त्यांतील आणखी दोघांच्या वैगुण्यामुळे ब्लूम आणि रोथमुंड-थॉमसन ही दुर्मिळ दुखणी उद्भवतात. ब्लूमच्या रुग्णांत गुणसूत्रांच्या जुळ्या प्रतींमधील तुकड्यांची अदलाबदल नेहमीच्या सुमारे दसपट होते, आणि कर्करोग फार लवकर गाठतो. या भावंडांचे काम सरळ फाट्यावर धावण्याचे नाही. नक्कल अडली, शृंखला भलत्याच रीतीने दुमडली, दोन रेणू एकमेकांत गुंतले, म्हणजे ती गुंतागुंत सोडवण्यास त्यांना पाचारण केले जाते; ही सोडवणूक झाली नाही तर शृंखला तुटतात, आणि तुटलेली टोके चुकीच्या ठिकाणी जोडली जातात. सूर्यप्रकाश सोसेनासा करणाऱ्या झेरोडर्मा पिग्मेंटोसम या रोगाच्या काही प्रकारांतही दोष हेलिकेजांचाच असतो; ज्या दोन हेलिकेजांच्या साहाय्याने जनुकवाचनाचा आरंभ होतो तीच अतिनील किरणांनी बिघडलेला भाग कापून काढण्यासाठी डीएनए उघडून देतात.

वेर्नरच्या हेलिकेजासंबंधी २०१९ साली निरनिराळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी एक अनपेक्षित गोष्ट प्रसिद्ध केली. मोठे आतडे, जठर आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या काही कर्करोगांत नकलेतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते, आणि त्यामुळे डीएनएतील त्याच त्या अक्षरांची पुनरुक्ती असलेले आखूड भाग अनिर्बंध बदलत जातात. अशा कर्करोगाच्या पेशी वेर्नरच्या हेलिकेजावाचून जगू शकत नाहीत, मात्र निरोगी पेशी त्याच्यावाचून जगतात. त्याचे कारण पुढील वर्षी कळले: थायमिन आणि ॲडेनिन यांची आलटून पालटून पुनरुक्ती होणारे भाग या पेशींत लांबत जातात, त्यांतून फाट्याला अडवणाऱ्या विचित्र दुमडी उभ्या राहतात, आणि त्या उलगडण्यास हेच एक हेलिकेज उरते. ते काढून घेतले की गुणसूत्रे जागोजागी तुटून पेशी मरते. ज्या एंझाइमाच्या अभावाने वेर्नरच्या रुग्णांना अकाली वार्धक्य आले, त्याच एंझाइमाला कर्करोगाच्या पेशींत मुद्दाम रोखणारी द्रव्ये तयार झाली असून त्यांच्या चाचण्या आता प्रत्यक्ष रुग्णांवर चालू आहेत.